मत नसलेल्या सभासदाचं भाषण कसं वाचायचं

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं 26 मार्च 1902चं बजेटवरचं भाषण मी दोनदा अर्ध्यावर सोडलं होतं. तिसऱ्या वेळी पुरं केलं ते निवृत्तीनंतर, मांडीवर वही आणि कानावर पेन्सिल ठेवून. 31 वर्षं मी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात काढली, तेव्हा आकड्यांची भीती नव्हती. चूक अशी होत होती, की ते भाषण मी भाषण म्हणून वाचत होतो. वाक्यं वाचायची, वा वा म्हणायचं, पान उलटायचं. विसाव्या पानावर झोप.

माझी पुतणी पुण्यात वकिलीचं शिकते. कायदेमंडळातला एक सभासद निवडून सार्वजनिक पैसा आणि कायदा या दोन विषयांत त्याने काय केलं ते लिहा, असं काम तिला मिळालं होतं. तिने गोखले घेतले, आठवडाभर वाचलं आणि मला फोन केला. ‘काका, भाषणं झकास आहेत. पण त्यांनी झालं काय, ते सापडत नाही.’

प्रश्न बरोबर होता. मग तिला जे सांगितलं तेच इथे मांडतो. गोखल्यांच्या जागी दुसरा कोणीही सभासद घ्या, पद्धत हीच चालते.

भाषणाला हात लावण्याआधी एक गोष्ट बघायची: बोलणाऱ्याला पैशावर मत होतं का? गोखले 1899 साली मुंबईच्या कौन्सिलात गेले आणि तिथून वरिष्ठ कायदेमंडळात, फिरोजशहा मेहतांच्या जागी. 1892च्या कायद्याप्रमाणे तिथे सभासदाला बजेटवर बोलता येई आणि प्रश्नही विचारता येई. मतदान मात्र नव्हतं, ठराव नव्हता, उपप्रश्नसुद्धा नव्हता. कलकत्त्यात अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय कर्झन, बहुमत सरकारी सभासदांचं. बजेट मांडलं की ते पक्कंच, चर्चा त्यानंतर. म्हणजे निकाल लागल्यावर युक्तिवाद.

हे कळलं की वाचायची दिशाच बदलते. त्या वर्षाचं बजेट हलणार नाही हे गोखल्यांना ठाऊक होतं. ते बोलत होते पुढच्या मार्चच्या बजेटशी. म्हणून 1902च्या भाषणाचं उत्तर 1902च्या पानांत शोधायचं नाही. वहीत डावीकडे भाषणाचं वर्ष घाला आणि उजवीकडचं पान कोरं सोडा. ते पुढच्या पाच-दहा वर्षांसाठी.

दुसरं, समोरच्याचा कागद आधी वाचा. बजेटवरचं भाषण हे उत्तर असतं, आणि प्रश्न वित्त सदस्याच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या सरकारात तिजोरी बघणाऱ्याच्या, निवेदनात असतो. त्या वेळचे वित्त सदस्य होते सर एडवर्ड लॉ. या आडनावाने पुतणीचा एक दिवस खाल्ला. ती त्यांना कायदा सदस्य समजून चालली होती! ‘अगं, लॉ नावाचा माणूस हिशोब बघायचा आणि कायदा बघणारा दुसराच होता,’ म्हटल्यावर तिने कपाळावर हात मारला.

त्या निवेदनात तीन रकाने असतात आणि आमच्या जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकातही तेच तीन असायचे: सरलेल्या वर्षाचं प्रत्यक्ष, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. भाषणातला प्रत्येक आकडा यातल्या कुठल्या रकान्यातला, ते समासात लिहायचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका लेखाशीर्षाचा (म्हणजे खर्चाच्या एका बाबीचा) सुधारित अंदाज आदल्या वर्षीच्या प्रत्यक्षाऐवजी मूळ अंदाजाशी ताडून ‘खर्चात वाढ’ असं टिपण वर पाठवलं होतं. साहेबांनी काही न बोलता लाल शाईने बाण काढून कागद परत केला. तो बाण अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून आकडा दिसला की मी आधी रकाना विचारतो.

गोखल्यांचा प्रसिद्ध सात कोटींचा आकडा 1901-02च्या सुधारित अंदाजातला आहे. सगळे वित्त सदस्यांचं अभिनंदन करत होते आणि या माणसाने उठून सांगितलं, की मला मनापासून त्यात सामील होता येत नाही. सात कोटींची शिल्लक, तीही 1896-97 आणि 1899-1900 अशा दोन दुष्काळांनंतर आणि प्लेग चालू असताना! शिल्लक म्हणजे सुबत्ता, असं सरकारी बाजू सुचवत होती. गोखल्यांचं म्हणणं, यात लोकांवर दुहेरी अन्याय आहे. गरज नसताना कर घेतला हा एक, आणि त्या करातून उरलेले पैसे दाखवून लोक सुखी आहेत असं म्हणायची सोय झाली हा दुसरा.

आता हे खरं कशावरून? इथे पेन्सिल कानावरून काढायची. आकडे जुन्या चलनात आहेत म्हणून वाचक ते ओलांडून जातो आणि भाषणाचा जीव नेमका तिथेच असतो. एक रुपया म्हणजे 16 आणे, एक आणा म्हणजे 12 पै, एक पौंड म्हणजे 240 पेन्स. एवढं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

इंग्लंडात होणारा हिंदुस्थान सरकारचा खर्च पौंडात भागवावा लागे. त्याला होम चार्जेस म्हणत आणि ते वर्षाला दीड कोटी पौंडांच्या वर जात. रुपया घसरत घसरत 1894-95च्या सुमारास 13 पेन्सवर आला होता, पुढे तो 16 पेन्सवर स्थिरावला. आता फक्त एक कोटी पौंड धरून गणित करा. 13 पेन्सच्या भावाने त्याला सुमारे 18 कोटी 46 लाख रुपये लागतात आणि 16 पेन्सच्या भावाने 15 कोटी. एका कोटी पौंडामागे जवळजवळ साडेतीन कोटींची बचत! रुपया पडत होता तेव्हा तोटा भरायला म्हणून कर वाढवले. रुपया सावरला तरी कर तसेच राहिले. शिल्लक आली ती तिथून. हे गणित स्वतःच्या हाताने केल्यावर मला ते भाषण पहिल्यांदा ऐकू आलं, असं म्हणेन.

मिठाचं तर आणखी सोपं. 1888 साली मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. अडीच रुपये म्हणजे 40 आणे. मण म्हणजे 40 शेर. म्हणजे शेराला बरोबर एक आणा, आणि हा नुसता कर, मिठाची किंमत वेगळी. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती नव्वदीची होती, शेर-आण्यांत वाढलेली. ती म्हणाली, ‘मग जनावराला मीठ कोण घालील रे?’ अर्थशास्त्रात ज्याला खप आक्रसणं म्हणतात ते तिने गोठ्यातून सांगितलं. गोखल्यांचाही मुद्दा तोच होता: कर जड असला की गरीब माणूस मीठच कमी खातो, कर उतरवलात तर खप वाढेल आणि तिजोरीचं नुकसान वाटतं तेवढं होणार नाही.

आता उजवीकडचं कोरं पान. 1903च्या बजेटात मिठाचा कर दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची सूट-मर्यादा वार्षिक 500 रुपयांवरून 1000 झाली. 1905 साली मिठाचा कर दीड रुपया, 1907 साली एक रुपया. शेरामागे 12 पैंचे पाच पैसुद्धा उरले नाहीत. मधल्या प्रत्येक वर्षी गोखल्यांचं भाषण आहे आणि मीठ त्यात पुन्हा पुन्हा येतं. म्हणून एकच गाजलेलं भाषण वाचून उठू नका. सलग पाच-सहा वर्षांची भाषणं शेजारी शेजारी लावा. कुठली मागणी दरवर्षी येते, कुठली गळते आणि कुठल्या मागणीच्या जागी ‘अजूनही’ हा शब्द येऊ लागतो, त्याकडे लक्ष ठेवा. लष्करी खर्चाबद्दलही ते दरवर्षी बोलले, तिथे उजवं पान जवळजवळ कोरं राहतं. ते तसंच कोरं ठेवा, ओढूनताणून भरू नका.

श्रेय देतानाही हात आखडता हवा. मिठाचा कर कमी करा असं काँग्रेस कितीतरी आधीपासून म्हणत होती आणि तिजोरीत पैसे साठले होते म्हणून सूट देणं सोपं होतं. गोखल्यांनी कर उतरवला, असं लिहाल तर परीक्षक खोडेल आणि योग्यच खोडेल. त्यांनी तो ठेवायची सबब काढून घेतली, एवढं धैर्याने लिहिता येतं.

मत असलं म्हणजे सगळं जमतं, असंही नाही. 1923 साली मध्यवर्ती विधानसभेत निवडून आलेल्यांचं बहुमत होतं. मिठाचा कर सव्वा रुपयावरून पुन्हा अडीच करायचा प्रस्ताव सभेने फेटाळला, तरी व्हाइसरॉय रीडिंगने आपल्या खास अधिकारात तो लावला. पुढच्या वर्षी तो पुन्हा सव्वावर आला. हे साल पुतणीच्या वहीत मी मुद्दाम घालायला लावलं.

आकडे आले कुठून, हेही विचारायचं. गोखले गणिताचे मास्तर. बापटांबरोबर त्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तक केलं होतं. तरी बजेटच्या भाषणासाठी ते गणेश व्यंकटेश जोश्यांकडे जायचे. जोशी सरकारी शाळेतले मुख्याध्यापक, पण सरकारी अहवाल त्यांच्याइतके पिंजून काढणारा माणूस त्या काळात दुसरा नसावा. कौन्सिलात उभा राहिला एक, मागे टिपणं दुसऱ्याची. कुठल्याही सभासदाच्या भाषणामागचा असा माणूस शोधायचा प्रयत्न जरूर करा. फार वेळा तो एखादा मास्तर किंवा कारकून निघतो. (हे लिहिताना मला बरं वाटतं, लपवत नाही.)

आणि 1897 विसरू नका. प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोल्जरांवरचे गंभीर आरोप गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर इंग्लंडात बोलून दाखवले. परत आल्यावर पुरावा देता येईना आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पाच वर्षांनी तोच माणूस कौन्सिलात उभा राहतो तेव्हा त्याचे आकडे सरकारच्याच कागदांतले असतात. माझ्या मते ही सवय त्या माफीने लावली. हा माझा तर्क आहे, तुम्ही तो तर्क म्हणूनच घ्या.

कायद्यावरच्या भाषणाची रीत वेगळी. इथे रकाने नाहीत, कलमं आहेत. भाषणाशेजारी विधेयकाचा मसुदा उघडा ठेवा आणि सभासद नेमक्या कुठल्या शब्दावर बोट ठेवतो ते बघा. ‘दडपशाहीचा कायदा’ असं कोणीही म्हणेल, कलमातला शब्द धरणारे थोडे. डिसेंबर 1903 मध्ये सरकारी गुपितांच्या विधेयकावर गोखले बोलले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी धरल्या. लष्करी गुपितांसाठी असलेली तरतूद नागरी कारभारालाही लागू होत होती, आणि कागद परवानगीने मिळाला हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर टाकली होती. पुतणीने हे लगेच पकडलं. पुराव्याचा भार हा तिच्या रोजच्या अभ्यासातला विषय.

1907च्या राजद्रोही सभांच्या विधेयकाची गंमत निराळी. वीसपेक्षा जास्त माणसं जमली, की उलट सिद्ध होईपर्यंत ती सार्वजनिक सभा समजायची! आमच्याकडे बारशाला याहून जास्त माणसं नुसती पहिल्या पंगतीला असतात. गोखल्यांनी अशाच घरगुती जमावांकडे बोट दाखवलं. शिवाय विधेयक सिमल्याला आणलं गेलं, जिथे बहुतेक बिनसरकारी सभासद पोहोचलेच नव्हते, यावरही त्यांनी टीका केली. विधेयक पास झालं ते झालंच. तरीही कुठे आणि किती जणांसमोर हे नोंदवायला हवं. हजेरीपटाचं पान कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा.

ज्या सभासदावर लिहिताय त्याची न पटणारी बाजूही घ्यायची. 1910च्या प्रेस विधेयकाला मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसूंनी विरोध केला, गोखल्यांनी केला नाही. त्या कायद्याने पुढे वर्तमानपत्रांकडून घेतलेल्या जामिनाच्या रकमा जप्त झाल्या. पुतणी ते गाळायला निघाली होती. मी म्हटलं, ‘आमच्याकडे न जुळणारी पावती फाडून टाकणाऱ्याला निलंबित करतात.’ तिने ते ठेवलं.

पैसा आणि कायदा एकाच कागदावर बघायचा असेल तर सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक घ्या. मला स्वतःला गोखल्यांचं हे काम सगळ्यांत मोठं वाटतं. 1909च्या सुधारणांनी ठराव मांडायची मुभा मिळाली, तसा त्यांनी मार्च 1910 मध्ये ठराव आणला, मागे घेतला आणि 16 मार्च 1911 रोजी विधेयकच मांडलं. वाचताना भावनेचा भाग बाजूला ठेवा आणि खर्चाची व्यवस्था बघा. सक्ती एकदम सगळीकडे नाही: जिथे ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात तिथेच, तीही स्थानिक संस्थेने मागितली तर. वय सहा ते दहा. ज्याचं उत्पन्न महिन्याला दहा रुपयांपेक्षा कमी त्याच्या मुलाला फी नाही. खर्चाचे दोन हिस्से सरकारने उचलायचे, एक स्थानिक संस्थेने. सावध माणसाचं विधेयक आहे हे! प्रत्येक कलमात ‘पैसे कुठून?’ या प्रश्नाला उत्तर आधीच देऊन ठेवलंय. आणि सरकारने पुढे केली ती सबबही पैशाचीच. मार्च 1912 मध्ये दोन दिवस चर्चा झाली आणि 13 विरुद्ध 38 मतांनी ते पडलं.

इथे उजवं पान लांबवर न्यावं लागतं. 1915च्या फेब्रुवारीत गोखले वारले. 1918 साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांनी नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला. पडलेल्या विधेयकाखाली रेघ मारून हिशोब बंद केला असता तर हे सुटलं असतं.

आता आपल्या दारात या. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहात, 78 सदस्य आहेत. अर्थसंकल्पावर त्यांची सर्वसाधारण चर्चा होते, पण अनुदानाच्या मागण्यांवर मतदान विधानसभेत. म्हणजे कपात सूचनेचं, मागणीतली रक्कम कमी करा असं सुचवायचं, हत्यारही परिषदेच्या सदस्याकडे नाही. धन विधेयक त्यांच्याकडे येतं ते 14 दिवसांपुरतं. राज्यसभेचंही तसंच. म्हणून परिषदेच्या सदस्याचं काम बघताना गोखल्यांचीच वही चालते: मार्चमधलं भाषण, मग डिसेंबरपर्यंतच्या पुरवणी मागण्या, मग पुढचा मार्च. मध्ये तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अशासकीय ठराव. आकडा भाषणात आला, तो आधी कुठल्या प्रश्नाच्या उत्तरातून काढून घेतला होता का, हे बघायला विसरू नका. हुशार सदस्य जुलैत प्रश्न टाकतो आणि मार्चमध्ये बोलतो.

भाषणांची संख्या मात्र मोजू नका. वि. स. पागे 1960 ते 1978 परिषदेचे सभापती होते. सभापती चर्चेत भाग घेत नाही, तेव्हा भाषणांच्या सूचीत शोधाल तर त्या वर्षांत हाताला फारसं लागणार नाही. पण काम मागेल त्याला काम द्यायची कल्पना त्यांची. 1965च्या सुमारास तासगाव तालुक्यात, त्यांच्या विसापूरच्या बाजूला, तिचा प्रयोग झाला. 1972च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. देशाचा कायदा आला 2005 साली.

पैसे कुठून, हा प्रश्न इथेही सुटलेला दिसतो. 1975 साली व्यवसाय कर आला तो याच योजनेसाठी, आणि त्यातून जमेल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची. माझ्या पगारपत्रकात शेवटपर्यंत दर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 अशी ती कपात असायची. फेब्रुवारी आला की ऑफिसात कोणीतरी कुरकुरायचंच, ‘हे शंभर जास्त कशाला?’ कोणीही पाग्यांचं नाव घ्यायचं नाही. मीही नाही, मला ते ठाऊकच नव्हतं. पुतणीसाठी शोधताना कळलं.

तिची वही आता माझ्याकडेच आहे. 1902चं पान भरलंय, मिठाचं भरलंय, लष्करी खर्चाचं कोरं. शेवटची दोन पानं तिने पाग्यांसाठी आखलीत आणि डाव्या बाजूला भाषणाच्या जागी माझी जुनी पगारचिठ्ठी चिकटवलीय, फेब्रुवारीची.